उत्तराले सोडलेली जागा

कोनाशी बोलाचं असलं का आमच्या शेजारची ती पोट्टी पयले दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवे. "थांबा, बोलू नका, मोजू द्या," म्हने, अन् घड्याळाकडं पाहात राहे. डाक्टरकीले लागली तवापासूनचं हे खूळ. मायचं मनगट झालं, बापाचं झालं, दळन घेऊन आलेल्या बाईचं झालं, एक दिवस तं म्हशीच्या शेपटाखाली बोटं लावून बसली, म्हशीची नाडी तिथं लागते म्हने. म्हशीनं शेनानं भरलेलं शेपूट तिच्या तोंडावर हानलं, तं तोंड पुसत म्हनाली, "हिची बरोबर चालू हाय."

तुमच्याबी शेजारी अशी एखादी पोट्टी असंन, म्हनून सांगून राह्यली, तुमाले लवकर ओळखू येईन. हसू येते अशीकडं पाहून. पन तिची दोन बोटं मनगटावर असली का मानसाच्यानं खोटं बोलवत नसे. मायाच्यानं तं नाईच.

मेडशीले आमच्या घराची अन् त्याईच्या घराची भित एकच हाय. मी लग्न होऊन आली तवा ती बारावीले होती. तिच्या बाबाले मी काकाजी म्हनते, मायले काकू. गावाच्या खालच्या अंगाले त्याईचा मळा हाय, पालक, मेथी, वांगे, कोबी, अन् सकाळच्या यष्टीनं काकाजी भाजीचं गाठोडं घेऊन मालेगावले जातेत. आमचे हे पुण्याकडं बांधकामावर, वर्षातून दोनतीन खेपा घरी येतेत. म्हनून मी अन् माही लेक, दोघीच आमी भितीच्या अलीकडं, अन् पलीकडून ती आवाज दे, "वयनी, झोपली का व?"

लेक दोन महिन्याची असताना तिले ताप भरला. ती तवा डाक्टरकीच्या कालेजातून सुट्टीत घरी आलेली होती. मी रडून रडून बेजार, कोनती बाटली किती पाजाव काई उमजे नाई. तिनं बाटली माया हातात देली, "आठवी शिकली ना? मंग वाच." मी म्हनली, "ताई, तूच वाच ना, माहं लेकरू मरून राह्यलं." तं म्हने, "मरत नाई. वाच." अन् थांबली. मी एकेक अक्षर लावत होती, ती गप उभी. ना हसली, ना मधात शब्द पुरवला. मी पाच मिली वाचलं तवा म्हने, "काई होत नाई वयनी, आतं मी नसली तरी तुले वाचता येते."

हे तिचं थांबनं मी दुसऱ्या कोनात पाह्यलं नाई. आपन सारे इचारतो अन् समोरचा बोलाच्या आधीच आपलं सुरू करतो. ती इचारे अन् थांबे. समोरचा अडखळला तरी थांबे. कोनाले उत्तर द्याले किती वेळ लागते, हे तिले बरोबर मालूम होतं.

कालेज तिचं किर्गिस्तानात, बारावी झाल्यावरच गेली होती. तिथं डाक्टरकी शिकाले आपल्याकडचे लय पोरंपोरी जातेत म्हने. यष्टी स्टँडावर काकाजीनं तिले एकच गोष्ट सांगतली. "कालेज अन् खोली. तिसरी जागा नाई." ती हो म्हनाली.

काकाजीजवळ बटनाचा मोबाईल. मोठा घ्या म्हनलं तं म्हनत, पालकाच्या वाफ्यात पडते अन् ओला होते. म्हनून रोज संध्याकाळी सात वाजता ते अन् काकू आमच्या ओट्यावर येत, माया मोठ्या मोबाईलवर तिचं तोंड पाहून बोलाले. काकाजी पाय धुऊन येत, टोपी घालून येत, अन् पोलीस पाटलाच्या पुढं बसल्यासारखे ताठ बसत. देश दूर हाय म्हनून जोरानं बोलत. पार चौकातल्या लोकाईले मालूम राहे का किर्गिस्तानात आज काय शिजलं.

त्याईचं रोजचं बोलनं म्हनजे भितीलेबी पाठ झालं असंन.

"च्या घेतला का आबा?"

"घेतला."

"पालक निघाला का?"

"निघाला, चाळीस जुड्या."

"आईचे गुडघे?"

काकू म्हने, "हायेत जागेवर."

एक दिवस काकाजीनं इचारलं, "एवढ्या बरफात पालक कसा येते वो तिथं?" ती म्हने, "येत नाई आबा." "मंग लोकं खातेत काय?" "घोडा," ती म्हनाली. काकूनं कानाले हात लावले. काकाजी हळूच म्हने, "आपले सोपानराव टांगा चालवत. त्याईले सांगू नको." ती तिकडं हसून हसून खाली पडली, मोबाईलात नुसतं छत दिसे.

तीन वर्ष असे गेले. तिनं कालेज पाह्यलं, खोली पाह्यली, तिसरी जागा नाई.

एक दिवस दुपारीच फोन आला. लेक मांडीवर होती माया. ती म्हने, "वयनी, आई तिथं नाई ना?" मी म्हनली नाई. "एक काम करशीन? शुक्रवारी इथली कोनती तरी सुट्टी हाय, त्याले लागून शनवार आयतवार. आमी पाचसहाजनी गाडी करून तळं पाह्याले जाऊन राह्यलो. पहाडात हाय, बरफाच्या पहाडाच्या मधात निळं तळं. तिथं रेंज नाई."

"अन् काकाजी?"

"म्हनून तं तुले सांगून राह्यली."

मी म्हनली, "मले नाई जमत ताई, मले भेव वाटते." तं ती थांबली. तिची सवयच ती. मंग म्हने, "तीन वर्ष झाले वयनी, मी हा देश खिडकीतून पाह्यला. पुढच्या वर्षी दवाखान्यात ड्युटी लागन, मंग तं खिडकीबी नाई. तीन दिवस. आबाले कळलं तं ते रागावनार नाई, नुसते जेवनार नाई. मले ते पाहवत नाई."

मी हो म्हनली. तुमी नसतं म्हनलं काय? मले कोनी कवा काई मांगतलंच नव्हतं.

तं तिनं तीन व्हिडिओ पाठवले. शुक्रवारचा, शनवारचा, आयतवारचा. खोली तीच, पलंग तोच, फक्त ओढनी येगळी. पयली पिवळी, दुसरी हिरवी, तिसरी लाल. त्यात ती बोले अन् थांबे. "च्या घेतला का आबा?" म्हने अन् मधात उत्तराले जागा सोडे, काकाजी घेतला म्हनतीन तेवढी. मंग मान हलवे, "बरं." मंग पालकाचं. मंग आईचे गुडघे, तिथं जराशी जास्त जागा, कारन काकूले पयले हासाचं राहे. मले म्हनाली, "मोबाईल तूच धरजो, अन् खालचा सरकता पट्टा आंगठ्यानं झाकजो. त्याईले फोनच वाटन."

मी घरात बसून पयला लावून पाह्यला, अन् काकाजीचे उत्तर मीच मनात देले. बरोबर बसत होते. एकबी जागा कमीजास्त नाई. मले हसू आलं, अन् मंग कसंतरीच झालं. घरापासून एवढ्या दूर बसून तिनं माय-बापाचा श्वास मोजला होता.

शुक्रवारी काकाजी टोपी घालून आले. मी आंगठा पट्ट्यावर दाबून धरला. सारं बरोबर झालं. काकाजी उठता उठता म्हने, "आज साफ ऐकू आलं. रोज तुटते."

शनवारी जराशी गडबड झाली. पालकाचं इचारलं तं काकाजी म्हने, "पालक राहू दे, कोबीवर अळी पडली." ती मान हलवून म्हने, "चांगलं झालं आबा." काकाजीनं मायाकडं पाह्यलं. "काय चांगलं झालं वो?" मी म्हनली, आवाज तुटून राह्यला. काकू म्हने, "बरफानं बहिरी झाली पोरगी." ते हासले, मीबी हासली. आतं मांडून पाहते तं त्या टायमाले ती नव्हती. दुपारीच गेली होती.

मले आयतवारी सकाळी कळलं. तिच्या खोलीतल्या पोरीचा फोन आला, यूपीकडची, तापानं झोपून होती म्हनून गेली नव्हती. हिंदीत बोले अन् रडे. "भाभीजी, गाड़ी खाई में गिर गई। कल तीन बजे। वो नहीं रही।" कालेजचं आफिस सोमवारी उघडते, मंग ते घरी कळवतीन, पन मले राहवलं नाई, असं म्हने. रोज संध्याकाळी ती ह्या नंबरवर बोले म्हनून हाच नंबर तिले मालूम होता. "आप बता दीजिए ना।"

मी लेकीले खाकोटीले मारलं अन् मळ्यात गेली. चप्पल घालाचीबी सुद नाई. काकाजी मेथी उपटून राह्यले होते. मायाकडं पाहून म्हने, "लेकरू उन्हात कायले आनलं?" अन् पालकाची एक जुडी माया हातात देली. मी जुडी घेऊन घरी आली. मंग पुन्हा गेली. मळ्याच्या धुऱ्यावर उभी राह्यली अन् पुन्हा आली. माया मनात एकच, का आतं सारे म्हनतीन हिनं लपवलं. हिनं सांगतलं असतं तं बापानं पोरीले जाऊ देलं नसतं, पोरगी जिती असती. अन् ते खरंच हाय, त्यात खोटं काय हाय? आमचे हे घरी नाई, मी एकटी, लोकं दारात येतीन. अन् त्याईच्याबी मनात एक दिवस जिती राहू दे ती, सोमवारी तं कळतेच, असंबी वाटलं. पन ते मागून वाटलं. पयले भेवच वाटलं, खोटं कायले सांगू.

सातले दोघं आले. मी ठरवलं होतं का नेट नाई म्हनाचं. काकाजी बसले, टोपी नीट केली, म्हने, "लाव." अन् मी लावला. लाल ओढनी.

च्या झाला, पालक झाला, गुडघे झाले. मी तो व्हिडिओ शेवटापर्यंत पयले पाह्यला नव्हता. शेवटी तिनं इचारलं, "आबा, तुमी मायावर रागावले तं नाई ना?" अन् थांबली.

काकाजी म्हने, "कायले रागावू माय? काई पाह्यजे काय तुले?"

तिनं मान हलवली. "बरं. ठेवते."

सोमवारी कालेजचा फोन आला काकाजीच्या मोबाईलवर. हिंदी समजे नाई म्हनून पोलीस पाटलाले बोलावलं, त्याच्यामागं लोकंबी अंगनात जमले, मीबी गेली. पाटलानं ऐकलं, टोपी काढली, अन् सांगतलं. शनवारी दुपारी तीन वाजता. काकू तिथंच भितीले टेकून खाली बसली. काकाजी मातर हासले. खरंच हासले. म्हने, "शनवारी कसं? काल सातले मायासंग बोलली ती. शनवारीबी बोलली. इचारा हिले."

साऱ्याईनं मायाकडं पाह्यलं. वीसेक मानसं असतीन.

मी म्हनली, "हो."

हे तुमाले सांगाचं होतं. बाकी सारं ह्या एका शब्दामुळं झालं.

नऊ दिवस लागले तिले आनाले. त्या नऊ दिवसात काकाजी रोज मळ्यात गेले, रोज यष्टीनं मालेगावले गेले. सांत्वनाले पाहुने येत त्याईले ते दारातून परत पाठवत. "ती दुसरी पोरगी हाय. कालेजवाल्याईनं नाव चुकवलं." काकू रडे तं तिच्यावर डाफरत, "जित्या पोरीसाठी रडू नको, अपशकुन होते." काकूनं अन्न सोडलं होतं, ती कोनाशीच बोले नाई. पाटलानं समजावलं, "भाऊ, पासपोर्टावर तिचं नाव हाय." तं म्हने, "कागदावर कोनीबी नाव लिहिते. मी माया कानानं ऐकलं."

गावाले वाटे, म्हातारं येडं झालं. मले एकटीले मालूम होतं का त्याईचं सारं बरोबर होतं. त्याईच्या जागी तुमी असते तं तुमीबी तेच म्हनलं असतं. शनवारी मेलेलं मानूस आयतवारी बोलत नाई.

अन् रोज सातले ते ओट्यावर येत. एकटेच. "लाव वो." मी म्हनत जाऊ, लागत नाई काकाजी. तं म्हनत, "परीक्षा असंन." बसत थोडा वेळ. लेकीशी खेळत. जाता जाता म्हनत, "तू हायस म्हनून, नाई तं ह्या लोकाईनं मले भूल पाडली असती." मीबी जेवत नव्हती, दूध आटलं माहं. लेक कोरड्या छातीले लागून रडे. कितीकदा तोंड उघडलं मी. तिच्यासारखं कोनी असतं समोर, तं त्यानं वाट पाह्यली असती मी बोलेपर्यंत. काकाजी वाट पाहात नसत. ते हासून लेकीच्या गालाले हात लावत अन् निघून जात.

दहाव्या दिवशी सकाळी नागपूरहून गाडी आली. लाकडी पेटी, खिळे मारलेली. अंगनात ठेवली. तोंड दाखवाच्या लायक नाई, उघडू नका, असं संग आलेल्या मानसानं सांगतलं. बायाईनं काकूले धरून आनलं, ती पेटीवर आडवी पडली अन् तिथंच राह्यली. पुरुषाईनं तिरडीची तयारी केली. कोनीतरी काकाजीच्या हातात मडकं देलं. त्याईनं ते खाली ठेवलं.

ते म्हने, "हिले परत पाठवा."

पाटील म्हने, "भाऊ, असं नको करू."

"कोनाची तरी लेक हाय. तिचा बाप तिकडं वाट पाहात असंन. त्याले न इचारता मी हिले आग कशी देऊ? तुमच्या पोरीले कोनी असं परस्पर जाळलं तं तुमाले चालन काय?"

ते वरडत नव्हते. समजावून सांगत होते, भाजीचं गिऱ्हाईक समजवावं तसं. दोघाईनं त्याईले बाजूले घ्याले हात लावला तं त्याईनं पेटीची कडी धरली. दुसऱ्याच्या लेकीची कडी. सोडत नव्हते. ऊन चढून राह्यलं होतं. लोकं आपसात बोलाले लागले का म्हाताऱ्याले घरात कोंडा अन् आपन उरकून घेऊ.

तवा मी पुढं गेली. लेक कमरेवर होती, ती कोनाजवळ द्यावी हेबी सुचलं नाई. मी म्हनली, "काकाजी, ओट्यावर बसा."

त्याईनं माया हातातला मोबाईल पाह्यला. कडी सोडली. म्हने, "लागला?"

ते घरात गेले, खुटीवरची टोपी घालून आले, अन् ओट्यावर ताठ बसले. मानसं सारी मागं सरली. पाटलाले वाटलं असंन का मीबी येडी झाली.

मी आयतवारचा लावला. आंगठा पट्ट्यावर ठेवला नाई. लाल ओढनी.

"च्या घेतला का आबा?"

"कुठं होती तू माय इतके दिवस?" काकाजी म्हने. "इथं लोकाईनं..."

"बरं. पालक निघाला का?"

काकाजी थांबले. मी बंद केलं. अन् पुन्हा पयल्यापासून लावलं. तीच खोली, तोच पलंग, ओढनी सरकली तं तिनं तशीच खांद्यावर घेतली, पयल्यांदा घेतली तशीच.

"च्या घेतला का आबा?"

काकाजी आतं बोलले नाई. मोबाईलात ती त्याईच्याकडं पाहात होती, घेतला म्हनाले जेवढा वेळ लागते तेवढा वेळ. मंग तिनं मान हलवली अन् म्हनाली, "बरं."

पुढं पालकाचं इचारलं तिनं, मायच्या गुडघ्याचं इचारलं, अन् दर वेळी थांबली. शेवटचं जे इचारलं होतं तिथपर्यंत मी येऊ देलं नाई. काकाजीनंच हात पुढं करून मोबाईल पालथा केला.

मायाकडं त्याईनं पाह्यलं नाई. उठले, काकूले पेटीवरून हळू बाजूले केलं, अन् डोक्याकडच्या अंगाले जाऊन खांदा द्याले खाली वाकले.